शार्क कमी झाले तर मासे वाढायला पायजेत ना?

गोदाकाठ_परभणी:
नमस्कार मंडळी, समुद्र आपल्यापासून लई लांब, पण प्रश्न तिथलाच आहे. पोरगी अकरावीला आहे, काल म्हणाली बाबा, शार्क मासे खातो मग शार्क संपले तर मासे वाढतील की, लोक त्याला कामून वाचवायलेत? मी आधी हो म्हणलो. पण रातभर डोक्यात तेच. आमच्या लहानपणी माळावर लांडगं दिसायचं, आता दिसत नाही, अन् हरणं कोवळा हरभरा बुडख्यापर्यंत खाऊन जायलेत. समुद्रात बी असंच होतं का?

नांदेडचा_मास्तर:
दादा, पोरीनं लई नेमका प्रश्न विचारला. अलास्काकडं समुद्रात पाणमांजरं असतात, कातड्यासाठी त्यांची इतकी शिकार झाली की १९११ ला करार करून बंदी आणावी लागली. पाणमांजर काय खातं, तर सी अर्चिन म्हणजे काटेरी गोळे, अन् हे गोळे केल्पची, म्हणजे समुद्रात उभ्या वाढणाऱ्या मोठ्या शेवाळाची, बुडं कुरतडतात. जिथं पाणमांजर राहिलं नाही तिथं गोळेच गोळे, अन् केल्पचं जंगल साफ, म्हणजे त्या जंगलात आसऱ्याला असलेले मासे बी गेले. खाणारा गेला तर खाल्ला जाणारा वाढतो, पण त्याच्या खालचा मरतो. साखळीत किती पायऱ्या हायेत ते मोजावं लागतं.

मूळगाव_कळंब:
मी ४ वर्षं मुंबईला बंदरावर होतो. मुशीची, म्हणजे शार्कचीच, हातहातभर पिल्लं टोपल्यात पडलेली असायची, बघून जीव कसनुसा व्हायचा कारण मुशी उशिरा वयात येते अन् पिल्लं बी थोडीच देते, एवढ्यात पकडली तर पुढं काय उरणार. बाकी मी वाचलंय की अमेरिकेत मोठे शार्क घटले, मग रे मासे, म्हणजे पंखासारखे चपटे मासे, वाढले अन् त्यांनी शिंपले संपवले.

नांदेडचा_मास्तर:
@मूळगाव_कळंब ते संशोधन २००७ चं, लई गाजलं, पण २०१६ ला दुसऱ्यांनी तपासलं तर काळाचा मेळच बसंना, अन् तो रे मासा वर्षाला एकच पिल्लू देतो, इतका झपाट्यानं वाढणार कसा. पोरीला ते उदाहरण नका सांगू. दक्षिण आफ्रिकेतल्या फॉल्स बे चं सांगा. तिथून पांढरे मोठे शार्क गेले तसे सील वाढले, सात कल्ल्यांचे शार्क वाढले, अन् हे दोघं ज्यांना खातात ते मासे अन् लहान शार्क घटले. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे मधी तर टायगर शार्कच्या नुसत्या भीतीनं डुगाँग म्हणजे समुद्रगायी अन् कासवं समुद्रातल्या गवताच्या एकाच जागी चरत बसत नाहीत, म्हणून गवत टिकतं.

गोदाकाठ_परभणी:
भीतीचं हे डोक्यातच आलं नव्हतं मास्तर. आमच्या हरभऱ्याचं बी तेच, हरणं आता रातभर एकाच वावरात बसून राहायलेत. पोरीला फॉल्स बे चं वाचून दाखवलं, तिनं वहीत सील, मासे, शार्क असे बाण काढले अन् आता विचारायली की ते पांढरे शार्क तिथून गेले कामून?