कोठ्यात (गोठ्यात) उभी डिझेल गाडी पुन्हा चालू केली असेल तर अनुभव सांगा

आर्वीकडच्या आमच्या भागात गावागणिक एक तरी गाडी अशी सापडते. बाबांची कमांडर, मामाची सुमो, वाटणीत कोणीच न मागितलेली ट्रॅक्स. टिनाखाली उभी, छतावर पऱ्हाटीचे भारे, बोनेटवर कोंबड्या. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, राहू दे, खायला मागते का?

माझं मत असं की अशा गाडीत लोखंड क्वचित दगा देतं. दगा देतात रबर, उंदीर आणि शिळं डिझेल. पटत नसेल तर तसं लिहा. "शोरूमला न्या" हा सल्ला मात्र नको, शोरूम किती लांब आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी कोणती, आधी काय पाहिलं, कुठं अडली, एवढं आलं तरी पुरे.

दर्यापूर

बाबा गेल्यापासून आमची प्युजो इंजिनची कमांडर कोठ्यातच होती. पोट्टे म्हणे बॅटरी टाकू अन् सेल्फ मारू. म्या म्हटलं, हात नका लावू बे. पयले एअर क्लीनर खोललं. आत उशी भरेल इतका कापूस! उंदरांनी घरातल्या कापसाच्या गंजीतून ओढून खोपा केलता, खाली सरकीची फोलपटं. सेल्फ मारला असता तर हे सारं इंजिनात गेलं असतं.

मंग हीटर प्लग (सुरू करताना इंजिन आतून तापवणारे) काढले. हे सहजी निघत नाहीत, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, नाही तर टोक आतच तुटते. प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल टाकलं, रात्रभर मुरू दिलं, अन् सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवलं. प्लग नसले की कॉम्प्रेशन नसते, म्हणून हाताला जमते. पयले हललंच नाही. थोडं पुढं, थोडं मांगं करत पूर्ण फेरा झाला तवा जीवात जीव आला.

टाकी खालून रिकामी केली. डिझेल निघालं, मंग गंजाचं पाणी, अन् दोघांच्या मधात काळा बुळबुळीत थर. टाकी अर्धी ठेवली की गारव्यात आत पाणी सुटते अन् त्या पाण्याच्या काठानं जंतू वाढतात. तोच थर फिल्टर चोंदवते. टाकी धुतली, फिल्टर नवे टाकले, मंग हवा काढली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा अन् फीड पंपाचं बटन दाबत राहायचं. आधी फेस, मंग बुडबुडे, मंग सलग डिझेल. त्याच्या पुढं नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं तसा एकेक आवळायचा. तिथं हात समोर धरू नका, दाबाचं डिझेल कातडीत घुसते. शेवटचा नट आवळायच्या आतच गाडी तीन सिलिंडरवर धडधडाया लागली. धूर पाहून शेजारची बुढी धावत आली, काय पेटलं रे बाप्पा म्हणत.

वणी

दर्यापूरवाल्या भाऊंची चालू होत नव्हती, आमची बंद होईना. इकडं कोळशाच्या ट्रकांमुळं डिझेल मिस्त्रींची कमी नाही. त्यातल्याच एकानं चुलत्यांची जुनी जीप चालू केली. दोन-चार ठोके नीट पडले आणि मग आवाज वाढतच गेला. चावी काढली, फरक नाही. डिझेलला ठिणगी लागतच नाही, तर अशा जुन्या जीपला चावीचा काय उपयोग? स्टॉपची केबल ओढली, ती गंजून नुसती वाकली. पंपाच्या आतली रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) जुन्या डिझेलच्या चिकट्यानं भरपूर डिझेल देण्याच्या जागी अडकली होती. बघायला आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं बाजूची फळी उचलली आणि हवा ओढणाऱ्या तोंडावर दाबून धरली. हवा तुटली, इंजिन गुदमरून बंद पडलं. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढून घेतं.

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे: उभ्या गाडीला पहिला सेल्फ मारताना एक माणूस फळी घेऊन उभा. पंप नंतर पंप-नोझलच्या दुकानात साफ करून घेतला.

मूर्तिजापूर

इंडिका असेल तर आधी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) बदला, मग बाकीचं. बेल्ट रबराचा, आणि आपल्याकडचा उन्हाळा ४५ च्या वर. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. दुसरं, चावी फिरवल्यावर पंपापाशी "टक" ऐकू आलं पाहिजे. नसेल तर पंपाचं डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडला करंट नाही, मग हवा काढत बसून काही होत नाही. आमची वायर उंदरांनी खाल्ली होती.

ब्रह्मपुरी

मामाजींची मार्शल होती. इंजिन लवकर चालू झालं, पण गिअर पडेना. आमच्याकडं धानाचा ओलावा, क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली होती. गिअरबॉक्स उतरवायचा खर्च मोठा होता. मामाजी म्हणाले, थांबा. आधी ब्रेक करून घेतले: व्हील सिलिंडरचे रबर, मास्टर सिलिंडरचं किट, नवं ब्रेक ऑइल. मग इंजिन गरम करून बंद केलं, मोकळ्या खळ्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून सेल्फवरच उठवली आणि क्लच पूर्ण दाबून ब्रेकचे झटके दिले. तिसऱ्या की चौथ्या झटक्याला प्लेट सुटली. ब्रेक नसताना हे कोणी करू नये, समोर विहीर असते.

टायर दिसायला चांगले होते. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर ०९११. लगेच काढले.

काटोल

सीटखाली हात घालायच्या आधी काठी घाला. आमच्या सुमोत घोणस निघाली. बाकी सगळं वर आलंच आहे.

अचलपूर

सगळे इंजिनाचं बोलताहेत, कागदाचं कोणीच नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं फिटनेस पाहून पाच-पाच वर्षांनी वाढते. दहा वर्षांवरच्या डिझेलची बंदी दिल्लीकडची, ती इकडं लावून लोक उगाच गाड्या मोडतात. पण एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्यांची १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर, विमा, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवी नंबर प्लेट. फिटनेसला गाडी स्वतः चालत न्यावी लागते. वावरात फिरवायची म्हणून कागद नको, हा हिशेब डांबरी रस्ता लागेपर्यंतच चालतो. म्हणून आधी आरसी (नोंदणीचा कागद) शोधा, मग पाना उचला. आमची आरसी आईच्या लुगड्यांच्या पेटीत होती.

आर्वी (धागाकर्ता)

वणीवाले भाऊ, पंप उतरवताना खुणा कशा केल्या? आमच्या मिस्त्रीनं चारही पाइप एकदम काढलेत आणि आता कोणता कुठला यावर वाद चालू आहे.

वणी

पाइपांचे बाक वेगवेगळे असतात, जो न ताणता दोन्ही टोकांना बसतो तो त्या जागचा. जबरदस्तीनं वाकवू देऊ नका. पंपाची मात्र इंजिनच्या प्लेटशी खिळ्यानं रेघ मारून घ्या, पंप अजून जागेवर असेल तर आत्ताच.