विषय: थँक्सगिव्हिंगला हलकं ग्रीन बीन कॅसरोल, क्रीम आणि डबा न वापरता

नमस्कार मंडळी,

यंदा सासू-सासरे परभणीहून आलेत. सासऱ्यांची मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली, त्यामुळे मीठ आणि लोणी-तूप दोन्ही एकदम कमी, आणि त्याच दिवशी शेजारचं अमेरिकन कुटुंब पण जेवायला आहे आणि मुलाला ग्रीन बीन कॅसरोल पाहिजेच. दरवर्षी मी मश्रूम सूपचा डबा, दूध, बीन्स आणि वरून पाकिटातले तळलेले कांदे असंच करते. यावेळी सॉस घरी करायचाय. त्यात सासूबाई मश्रूमला हात लावत नाहीत, त्यांच्या लेखी ती कुत्र्याची छत्री. १० माणसं आहेत. कुणी केलंय का असं?

परभणीची सून

---

अगं, मी केलंय, तिकडे अमेरिकेत होते तेव्हा बऱ्याचदा. आता लातूरला असते पण ही मेलिंग लिस्ट वाचायची सवय सुटली नाही.

आधी एक समजून घे. हा पदार्थ १९५५ साली न्यू जर्सीत कॅमडेनला कॅम्पबेल सूप कंपनीच्या किचनमध्ये डॉरकस रायली यांनी बसवला, घरात असतंच त्या सामानात होईल असा. म्हणजे सूपचा डबा हाच त्याचा पाया. तो काढलास की त्याची तीन कामं तुला करावी लागणार, दाटपणा, खारटपणा आणि मश्रूमची चव.

दाटपणाला ज्वारीचं पीठ घे. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत येसर आमटी असते, भाजलेल्या धान्याच्या पिठानं रस्सा कसा दाट होतो ते तू लहानपणापासून बघितलंयस, तिथे कोण क्रीम घालतंय. पण येसर नको टाकूस, मसाल्याखाली बीन्सची चव पार मरते. नुसतं पीठ, ५ मोठे चमचे, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडं भाज, गार झालं की अर्धा कप थंड दुधात कालव, मग अडीच कप गरम दुधात (२ टक्केवालं) हळूहळू सोड आणि ७-८ मिनिटं हलवत उकळ. घाई केलीस तर ज्वारी कच्ची राहते, जिभेला रवाळ लागते.

बीन्स किलोभर, उकळत्या पाण्यात ४ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग पंचावर पसरून कोरड्या कर. हे टाळू नकोस. पाणी राहिलं की सगळी मेहनत वाया, सॉस पातळ होतो आणि मग माणूस पीठ वाढवत बसतो.

मश्रूम पातळ चिरून रुंद कढईत तेलाशिवाय मोठ्या आचेवर पाणी आटून तांबूस होईपर्यंत परत. चव अशी उतरते की मीठ कमी असलेलं कळत नाही. मूळ कृतीत सोया सॉस असतो तो वगळ, मिठासाठी म्हणते, त्याऐवजी मिरपूड सढळ घाल.

सासूबाईंचं वेगळ्या छोट्या भांड्यात कर, सॉस वेगळा काढून त्यात चांगले तांबूस परतलेले दोन कांदे आणि कपभर उकडलेला फ्लॉवर घोटून. त्यांच्या ताटात मश्रूम लपवून घालू नकोस, एकदा विश्वास गेला की त्या तुझ्या हातचं काहीच निवांत खाणार नाहीत.

वरच्या कांद्याला एक चमचा तेल चोळून ४०० फॅरनहाइटला २०-२५ मिनिटं, मधे हलवत. त्यात आदल्या दिवशीची वाळवलेली भाकरी चुरून टाक. कॅसरोल ३५० ला २५ मिनिटं, कांदा शेवटच्या १० मिनिटांत वर घाल, आधी घातलास तर करपतो.

काकू, लातूर

---

काकू हे वाचून आपल्या शेतातल्या येळवस सणाची भज्जी आठवली हो! ओले तूर-हरभरा-वाटाण्याचे दाणे, पालेभाज्या, बेसन, चिंच, आणि सोबत बाजरीचे उंडे नि अंबील. कॅसरोलमध्ये थोडी चिंच घातली तर मीठ अजून कमी लागेल ना?

धाराशिवकर

---

दादा, मीठ कमी लागेल पण दूध फाटेल. भज्जी आंबट चालते कारण तिचा दाटपणा बेसनाचा असतो, दूध नसतंच. इथे आंबट पाहिजेच तर लिंबाची फोड ताटात द्यावी. येळवसला मात्र या शेतात, मार्गशीर्ष अमावस्येला, कडब्याच्या खोपीत बसून जेवू.

काकू

---

काकू, काल अर्ध्या मापात ट्रायल घेतली. ओव्हनमधून काढल्या काढल्या वाढलं तर पातळ वाटलं, मला वाटलं बिघडलं, पण १० मिनिटांत आपोआप आळलं. सासूबाईंनी त्यांचं भांडं संपवलं आणि विचारायल्यात की फ्लॉवरऐवजी दुधी चालेल का. सासऱ्यांना भाकरीचा चुरा इतका आवडला की नुसता वरचा थर मागायलेत, म्हणून गुरुवारी थँक्सगिव्हिंगला चुरा दुप्पट करणार आहे.

परभणीची सून

---

दुधी चालेल, पण उकडून घट्ट पिळून घे, तो फ्लॉवरपेक्षा जास्त पाणी सोडतो. आणि चुऱ्यात मीठ अजिबात घालू नकोस.

काकू