घड्याळावर नको, फाइल पूर्ण झाल्यावर जॉब (आपोआप चालणारं काम) सुरू करा
फाइल रात्री 2 ला येते, लोडिंगचा जॉब 2:30 ला लावलाय, तरी कधीकधी अर्धाच डेटा चढतो, असं एकाने विचारलंय. घड्याळावर लावलेल्या जॉबला फाइल पूर्ण आली की नाही हे कळतच नाही. नुसता फाइल वॉचरही (फाइल आली का यावर नजर ठेवणारा प्रोग्राम) पुरत नाही. कॉपी चालू असतानाच नाव दिसलं की तो जॉब सुरू करतो. पाठवणाऱ्याने फाइल आधी '.टीएमपी' अशा तात्पुरत्या नावाने लिहावी आणि शेवटी त्याच फाइलसिस्टमवर नाव बदलावं, ते एका फटक्यात होतं, म्हणजे खरं नाव दिसेल तेव्हा फाइल पूर्णच असते.

जॉबच्या बॅश स्क्रिप्टमध्ये (कमांडच्या फाइलमध्ये) पाइप, म्हणजे एकीचं आउटपुट पुढचीला देणारी कमांडची साखळी, असेल तर 'पाइपफेल' हा पर्याय चालू कराच. नाहीतर मधली कमांड पडली तरी शेवटच्या कमांडचा 0 (म्हणजे 'यशस्वी') परत जातो, आणि शेड्युलर (जॉब चालवणारा प्रोग्राम) बिनदिक्कत पुढचे जॉब सुरू करतो. ऑटो-रीट्राय (पडलेला जॉब आपोआप पुन्हा चालवणं) मात्र, जॉब दोनदा चालला तरी नोंदी दुप्पट होत नाहीत हे तपासल्याशिवाय लावू नका.