नार-फू खोरं: १२ दिवसांत कांग ला बसेल का? मुक्काम, परमिट, टी-हाउस

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. दिवाळीत आम्ही तिघं पुण्याहून नेपाळच्या मनांग जिल्ह्यातल्या नार-फू खोऱ्यात जायचं म्हणतोय. सुट्टी घर ते घर १२ दिवस. कागदावरचा बेत असा: काठमांडू, कोटो (२६०० मी.), मेता (३५६०), फू (४०८०), नार फेदी (३४९०), नार (४११०), कांग ला खिंड (५३२०) ओलांडून ङावल (३६६०), मग जीपने बेसीसहर आणि परत. तंबू नको, टी-हाउसमध्येच (गावातली राहण्या-जेवणाची साधी घरं) राहायचं. तिघांनाही सह्याद्रीची सवय आहे, कात्रज ते सिंहगड रात्रीत होतो, नळीची वाटही झाली आहे. हिमालयात ३५०० मीटरच्या वर कुणीच गेलेलं नाही.

प्रश्न तीन. १२ दिवस पुरतील का? एक आठवड्याचं परमिट पुरेल का? आणि गाइड टाळता येईल का?

उंटावरचा_शहाणा

उलट्या क्रमाने सांगतो. गाइड टाळता येणार नाही. हा प्रतिबंधित भाग आहे, परमिट नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं आणि कोटोच्या चौकीवर गाइडसकट कागद तपासतात. तुम्ही तिघे आहात, त्यामुळे किमान संख्येचा प्रश्न येत नाही. आठवडा पुरेल की नाही हे मुक्कामांवर ठरतं. १२ दिवसांत कांग ला मात्र बसत नाही. बसवलात तर उंचीवरच्या विरळ हवेने एखाद्याचं डोकं मेतालाच धरेल.

खरी गोम कोटो ते मेता या टप्प्यात आहे. बहुतेक छापील कार्यक्रमांत हा एका दिवसाचा असतो. वाट सुंदर आहे, आधी पाइनचं जंगल, मग कड्यात कोरलेली पायवाट, खाली फू खोला (नदी) गर्जत असतो. पण २६०० वरून ३५६० म्हणजे झोपायच्या उंचीत एका दिवसात ९६० मीटरची उडी. ३००० च्या वर रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये, हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. शिवाय आदल्या दिवशी तुम्ही जीपमधून काठमांडूच्या १४०० वरून आलेले असता.

म्हणून मधे धर्मशाळा (३२३० च्या आसपास) इथे मुक्काम करा. जागा अगदी साधी आहे, खोल्या मोजक्या. गाइडने कोटोहून निघण्याआधीच तिथे कोणी आहे का ते विचारून घ्यावं. मेताच्या आधीची खडी चढण मग दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी होते.

संपूर्ण फेरी अशी मांडा: १ काठमांडू, २ परमिट, ३ कोटो, ४ धर्मशाळा, ५ मेता, ६ क्यांग (३८२०), ७ फू, ८ फूतच मुक्काम, ९ नार फेदी, १० नार, ११ राखीव, १२ कांग ला ओलांडून ङावल, १३ बेसीसहर, १४ काठमांडू, १५ राखीव, १६ विमान. सोळा दिवस. यातला एकही दिवस चैनीचा नाही.

बारा दिवसच असतील तर कांग ला सोडा आणि नुसतं फू करा: ३ कोटो, ४ धर्मशाळा, ५ मेता, ६ क्यांग, ७ फू, ८ फू, ९ मेता, १० कोटो, ११ काठमांडू, १२ घर. खिंड न ओलांडता परतणं म्हणजे ट्रेक अर्धवट सोडणं, असं आपल्याकडे उगाच मानतात. या खोऱ्यात बघण्यासारखं मुख्य गाव फूच आहे. टेकडीवर एकावर एक रचलेली दगडी घरं, पलीकडे ताशी ल्हाखांग गोम्पा (बौद्ध मठ).

आणि सह्याद्रीचा दम उंचीवर कामाला येत नाही. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी भराभर चढतो आणि संध्याकाळी ओकतो.

गोरखचिंच

परमिटचं गणित. नार-फूसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर पहिल्या आठवड्याला माणशी १०० डॉलर, पुढे दर दिवसाला १५. डिसेंबर ते ऑगस्ट आठवड्याला ७५. दिवस मोजायचे ते कोटोतून आत शिरल्यापासून प्रतिबंधित भागातून बाहेर पडेपर्यंत. वरच्या सोळा दिवसांच्या बेतात ते चौथ्यापासून बाराव्यापर्यंत, म्हणजे नऊ: १०० अधिक ३०, एकूण १३०. नुसतं फू केलं तर चौथ्यापासून दहाव्यापर्यंत, बरोबर सात.

एजन्सी तुम्हाला सातचंच काढून देते, कारण त्यांच्या कार्यक्रमात कोटो ते मेता एका दिवसात असतं. तीस डॉलर वाचवायला तुम्ही तो मधला मुक्काम उडवता आणि सगळा ट्रेक डोकेदुखीत जातो. परमिट खोऱ्यात वाढवून मिळत नाही. इमिग्रेशन खातं काठमांडूला आहे. आधीच दोन दिवस जास्तीचे घ्या.

याशिवाय अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं प्रवेशपत्र लागतं. सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये, इतरांना ३०००. एजन्सीने ३००० लावले असतील तर विचारा.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, विमानाने जायला मतदार ओळखपत्रही चालतं, पण परमिटसाठी पासपोर्टच न्या. प्रौढांना नुसत्या आधारवर विमानात बसू देत नाहीत.

दिवाळीचा मुहूर्त धरताय म्हणून सांगतो, तिकडे तेव्हा तिहार असतो. आपली भाऊबीज म्हणजे त्यांची भाइटीका, त्या दिवशी जीपवाला मिळणं कठीण. कार्यालयांनाही सुट्ट्या असतात, शनिवार तर एरवीही बंद. परमिटचा दिवस कामाचा आहे ना, हे नेपाळी कॅलेंडरवर बघून मगच विमानाची तिकिटं काढा. दसऱ्याच्या सुमारास जाणाऱ्यांची पंचाईत याहून मोठी. दशैंला अर्धं नेपाळ गावी जातं, पोर्टरही.

पाऊलवाट

धन्यवाद दोघांनाही. सुट्टी १४ पर्यंत ओढता येईल असं दिसतंय. मग क्यांग आणि नारचा राखीव दिवस वगळून कांग ला बसवावा का? आणि एका मित्राकडे गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र) आहे, ते न्यावं का?

दुर्गवेडी

क्यांग वगळायला माझी हरकत नाही. मेता ते फू ५२० मीटर आहे, सात-आठ तास लागतात, पण धर्मशाळेला राहून आलेल्या माणसाला झेपतं. फूचा दुसरा मुक्काम मात्र काढू नका. आणि नारचा राखीव दिवस काढलात तर कांग लावर बर्फ पडल्यावर काय करणार, हे आत्ता लिहून ठेवा. परतीची वाट नार, नार फेदी, मेता, कोटो अशी आहे, दोन दिवस जातात. तेवढे हातात नसतील तर माणसं खराब हवेतही खिंडीकडे निघतात. अपघात तिथे होतात.

२०१४ च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातल्या हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटाने याच डोंगररांगेत, थोरंग ला आणि आसपास, ४० हून जास्त जीव घेतले. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा उपसागरातल्या वादळांचा हंगामच. कोटोला शेवटचं नेटवर्क असताना आपल्या हवामान खात्याचं पान बघून घ्या. वादळ आंध्र-ओडिशाकडे येत असेल तर नारच्या वर चढू नका.

कांग ला नेहमी नारकडूनच. ङावलकडून चढायचं तर एका दिवसात १६६० मीटर, मधे आसरा नाही. नारकडून १२०० च्या आसपास. पहाटे चारला निघा, म्हणजे वारा सुटायच्या आत माथ्यावर पोचता. चढण दमवते, पण गुडघे फोडते ती पलीकडची उतरण. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. तेवढं, किंबहुना थोडं जास्तच, एका दमात उतरायचंय, तेही सुट्या दगडगोट्यांवरून. सावलीतल्या बाजूला बर्फ घट्ट झालेला असतो, म्हणून बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक आणि दोन काठ्या. एक काठी पुरत नाही.

आता महत्त्वाचं. त्रास झाला की 'खाली उतरा' असं सगळे सांगतात, पण फूवरून खाली उतरणं लांब पडतं. खोरं आडवं पसरलेलं आहे. फूहून तीन-चार तास चालून क्यांगला आलात तरी जेमतेम २६० मीटर उतरलेले असता. मेतावरून उलट पाच-सहा तासांत कोटो, जवळपास हजार मीटर खाली. म्हणजे निर्णयाची जागा फू नव्हे, मेता आहे. मेताला रात्री डोकं दुखलं आणि सकाळी जेवणाची वासना नसेल तर त्या दिवशी फूकडे जायचं नाही. थांबा, आणि संध्याकाळपर्यंत उतार नसेल तर परत फिरा. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालताना झोक जातो का बघा. झोक गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर थांबून बघायचं नाही, रात्र असली तरी उतरायचं.

डॉक्टरांना विचारून अ‍ॅसिटाझोलमाइड (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्या. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे २५० ची गोळी सहज मिळते, अर्धी करायची. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्याला घाबरू नका.

तिघांत एकच गाइड असेल तर आजारी माणसाला खाली कोण नेणार? म्हणून गाइडबरोबर वाट माहीत असलेला एक पोर्टर हवाच. त्याच्या पाठीवर तिघांचं मिळून वीस किलोच्या वर देऊ नका, आणि दोघांचा विमा आहे का ते कागदावर बघा.

इनरीच भारतात ठेवून जा. आपल्या देशात उपग्रह संपर्क साधनाला दूरसंचार खात्याची परवानगी लागते. ती नसताना विमानतळावर सापडल्याने लोक अडकले आहेत. दिल्लीहून विमान बदलणार असाल तर सामानाची तपासणी होणारच. गाइडच्या एजन्सीकडे नेपाळात परवाना असलेला सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो का, ते विचारा.

चहाचं_आधण

टी-हाउसबद्दल कुणी लिहिलंच नाही.

मेता, क्यांग, फू, नार फेदी, नार इथे सोय आहे. नार फेदीला मठाकडूनच चालवलेली जागा आहे. प्लायवूडची भिंत, दोन खाटा, एक जाड रजई. गर्दीत रजया कमी पडतात, म्हणून उणे दहाला आराम देणारी स्लीपिंग बॅग न्या. शेकोटी फक्त जेवणघरात. डिसेंबर ते फेब्रुवारी जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, फू-नारची बरीच माणसं थंडीत खाली जातात, मेता आणि क्यांग या मुळात त्यांच्या हिवाळी वस्त्या. मे-जूनमध्ये यार्सागुंबा (किड्यावर उगवणारी औषधी बुरशी) शोधायला गाव रानात असतं, तेव्हाही दाराला कुलूप सापडतं.

जिथे राहाल तिथेच जेवायचं. खोलीचं भाडं नाममात्र असतं, घरमालक जेवणावर कमावतो. जेवण दुपारीच सांगून ठेवा. एका चुलीवर वीस जणांचं होत असतं आणि तिघांनी तीन वेगळे पदार्थ मागितले तर साडेआठ वाजतात. तिघांनी दालभात सांगा, तो पुन्हा वाढतातही. मांस टाळा, खालून पाठीवरून येतं, शीतपेटी नसते. मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीची डबी न्या. सातव्या दिवशीच्या दालभातावर तीच तारते.

पाण्याबद्दल एक बारीक गोष्ट. पोकळ धाग्यांचा फिल्टर असेल तर एकदा वापरल्यावर तो गोठू देऊ नका. आत अडकलेल्या पाण्याचा बर्फ झाला की धागे फुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि तुम्ही गाळल्याच्या समाधानात घाण पाणी पीत राहता. रात्री पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. क्लोरीनच्या गोळीला थंड पाण्यात अर्ध्या तासापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

वीज सौर, चार्जिंगचे पैसे पडतात. २०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण ७४ वॉट-तासांची, विमानातल्या १०० च्या मर्यादेत बसते. केबिनच्या सामानात ठेवा, आणि थंडीत तीही झोपताना कुशीत.

शेवटचं एटीएम चामेला, कोटोच्या थोडं पुढे. पण ते चालू असेलच असं धरून जाऊ नका, काठमांडूतच काढा. खाणं, राहणं, चहा, चार्जिंग मिळून माणशी रोज ४००० नेपाळी रुपये धरा, म्हणजे आपले २५००. विनिमयाचा दर १.६ ठरलेला आहे.

विम्यात 'ट्रेकिंग, ६००० मीटरपर्यंत, हेलिकॉप्टर सुटकेसह' असे शब्द हवेत. साध्या प्रवास विम्यात उंचीची अट बारीक अक्षरांत असते. आणि साधी डोकेदुखी असताना कुणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरला तर आधी विमा कंपनीला फोन करा. नेपाळमध्ये त्या नावाखाली बनवाबनवी उघडकीला आलेली आहे.

मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आली की ती उजव्या हाताला ठेवून जायचं, देवळाच्या प्रदक्षिणेसारखं.

पाऊलवाट

ठरलं. १४ दिवस, कांग ला नाही, क्यांगचा मुक्काम ठेवून नुसतं फू, आणि दोन दिवस राखीव. ते दोन कुठे ठेवू?

उंटावरचा_शहाणा

एक मेताला जाताना. कुणालाच त्रास नसेल तर तो फूत वापरा, गावाच्या वरच्या अंगाला चारेकशे मीटर चढून परत खाली झोपायला या. दुसरा बेसीसहर आणि काठमांडूच्या मधे. कोटोहून खाली येताना ताल-धारापानीच्या पट्ट्यात दरड आली तर जीप दोन्ही बाजूंना उभ्या राहतात. मग सामान उचलून दरड चालत ओलांडायची आणि पलीकडची जीप धरायची. भाडं पुन्हा पडतं. आणि परमिट सातचं नको, आठचं काढा, म्हणजे मेताचा दिवस मोकळेपणाने घेता येईल.