संदेश ‘उपयोगी’ हवा म्हणजे नेमका कसा? यिर्मया २९:११, आणि त्यातून निघालेला दशमांश

देवदार_नगर:
जय ख्रिस्त. रोहन_पिंपरी यांनी परवा इथे लिहिलं, की आपल्या पाळकांनी बाबेल आणि यरुशलेमच्या फेऱ्या मारणं थांबवावं, संदेश पंधरा मिनिटांत आटपावा आणि सोमवारी सकाळी कामाला येईल असं एक वचन देऊन मंडळीला घरी सोडावं. नमुना म्हणून त्यांना आवडलेला संदेशही त्यांनी सांगितला. वचन यिर्मया २९:११, देवाचे आपल्याविषयीचे ‘हिताचे संकल्प’. त्यावरून नोकरी, व्हिसा आणि फ्लॅटचं कर्ज, सगळं देव मार्गी लावणार आहे असा धीर. खाली आमेनची रांग लागली.

दोन दिवस गप्प बसले, पण मी शब्बाथ शाळेत शिकवते आणि हे वचन मुलांच्या तोंडी मीच घालते, म्हणून राहवत नाही.

ते कुणाला लिहिलंय ते आधी बघा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यखन्या याला आणि त्याच्याबरोबर सरदार, कारागीर, लोहार यांना धरून बाबेलला नेलं. त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून धाडलेलं हे पत्र आहे. अकरावं वचन फ्रेममध्ये लावता, मग दहावं का नाही? त्यात सत्तर वर्षं म्हटलंय. म्हणजे ज्याच्या हातात ते पत्र पडलं तो कर्ता माणूस परत जाणारच नव्हता. त्याला सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. ते नगर शत्रूचं होतं! पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, बॉसवर चिडलेल्या माणसाला सोमवारी सकाळी याहून कामाचं काय सांगणार?

आणि एक अध्याय मागे जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो मंदिरात, सगळ्यांच्या देखत सांगतो की दोन वर्षांत राजा परत येईल, मंदिरातली लुटून नेलेली पात्रं परत येतील, सगळं ठीक होईल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडतो. लोकांना तोच आवडला असणार. यिर्मया म्हणतो, लाकडाचं मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येईल. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला. आता २९:११ हातात घेऊन ‘या वर्षी तुमचं काम होणार’ म्हणणारा सेवक यिर्मयाचं वचन वाचतो आणि हनन्याचा संदेश देतो. मला याचा राग येतो आणि तो येणारच.

आमच्या नगरला ना. वा. टिळकांच्या काळापासून ख्रिस्ती कीर्तनं होत आली. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, ही रीत लहान पोरालाही ठाऊक. पूर्वरंग गाळून कुणी थेट उत्तररंगाला उभा राहिला असता, तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला खाली बसवलं असतं.

रोहन_पिंपरी:
देवदारताई, मी पवित्र शास्त्राच्या विरुद्ध बोललो असं तुम्ही भासवताय. तसं नाही. आमच्या मंडळीत संदेश पन्नास मिनिटं चालतो. त्यातली निम्मी एका ग्रीक शब्दावर जातात, उरलेल्यात तोच मुद्दा पुन्हा. मी आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास घालवतो. रविवारी बायको-मुलांना घेऊन बाकावर बसलो की मुलगा अर्ध्या तासाने झोपतो, मुलगी चुळबुळ करते आणि मागच्या बाकावरची मावशी आमच्याकडे वळून बघते. माझ्या वयाचे बरेच जण आता उपासनेला येतच नाहीत, हॉलमधल्या सभांना जातात. तिथे निदान कुणीतरी त्यांच्या घरातल्या भांडणाबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल बोलतं.

एज्रा लोकांसमोर पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत होता हे मला माहीत आहे. त्रोवसला पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि युतुख खिडकीत झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हेही माहीत आहे. पौलाने त्याला उठवलं. आमच्यातले पडले त्यांना उठवायला कोण गेलं?

निर्मळची_लेक:
वसईहून लिहिते, कॅथलिक आहे. आमच्याकडे वेळेचा प्रश्न पोप फ्रान्सिस यांनीच काढला होता. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी सरळ सांगितलं, की प्रवचन आठ मिनिटांवर जाऊ देऊ नका, लोक झोपतात. म्हणून रोहन यांचं ते म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

पण देवदारताईंचा मुद्दा मला पटतो. आमची रविवारची वाचनं ठरलेली असतात, तीन वर्षांचं चक्र: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. फादरांना आवडीचं वचन उचलून आणता येत नाही, जे येईल त्यावर बोलावं लागतं. तरीही वाट काढणारे काढतातच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मार्कच्या बाराव्या अध्यायातली दोन टोल्या, म्हणजे होती-नव्हती ती दोन नाणी, मंदिरात टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आली होती. पूर्ण वाचन ३८ ते ४४ वचनांचं आहे, पण थोडक्यात ४१ ते ४४ वाचायची मुभा आहे. त्या मुभेत नेमकं काय गळतं? ‘विधवांची घरं गिळणारे शास्त्री’. मी ज्या मिस्साला होते तिथे थोडक्यातलं वाचलं आणि प्रवचन थेट सभागृहाच्या बांधकाम निधीवर गेलं! येशू त्या बाईचं कौतुक करतो हे खरंच. पण तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या, ते दोन वचनं आधी सांगून ठेवलंय.

विनया_कोल्हापूर:
निर्मळच्या ताई, तुम्ही दुखऱ्या जागी हात ठेवलात.

माझ्या सासूबाई निवृत्त नर्स. पेन्शन बेताचं. एका सभेत जायला लागल्या, नाव घेत नाही. तिथे दर महिन्याला मलाखी ३:१० वर संदेश, मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याबद्दल. ‘सगळा दशमांश भांडारात आणा, मग आकाशकपाटं उघडतात की नाही बघा.’ पाकिटं छापलेली, त्यावर नाव आणि रक्कम. ती रक्कम माइकवरून वाचून दाखवायचे. वाचल्यावर टाळ्या. त्या वर्षी सासूबाईंची साखर वारंवार वाढत होती, डॉक्टर डोस वाढवत होते आणि आम्हाला काही कळेना. एक दिवस फ्रिज पुसताना इन्सुलिनची कुपी हातात आली. ती महिनाभर पुरवण्यासाठी त्या अर्धाच डोस घेत होत्या, कारण पाकिटातली रक्कम कमी झाली तर माइकवरून कमी वाचली जाणार. त्यांच्या बायबलमध्ये मलाखीच्या पानात पुढच्या तीन महिन्यांची कोरी पाकिटं ठेवलेली होती, नाव घालून.

हा तुमचा ‘रोजच्या जीवनाला लागू’ संदेश, रोहन. माझ्या घरात फारच लागू पडला.

पाळकाचा_मुलगा:
विनयाताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. माइकवरून रकमा वाचणं हे पाप आहे, त्यावर माझं दुमत नाही. पण आता या धाग्यावर ‘दशमांश म्हणजे लूट’ असा सूर लागेल आणि तो मी लागू देणार नाही.

माझे वडील सोलापूरकडच्या खेड्यांतल्या तीन मंडळ्या सांभाळायचे. आधी सायकल, मग जुनी लुना. पगार कधी तीन महिने नाही, कधी अर्धा. आई मशीनवर ब्लाउज शिवायची म्हणून आमच्या फिया भरल्या गेल्या. कापणीच्या सणाला लिलावात एका कोंबडीवर चढाओढीने बोली लावणारी तीच माणसं, मंडळीच्या पंचायतीत पाळकाच्या पगाराचा विषय निघाला की खाली बघायची. मलाखी कुठल्या काळातला ते बघा आणि सोबत नहेम्या १३:१० वाचा. लेव्यांचे, म्हणजे मंदिराच्या सेवकांचे, वाटे दिले नाहीत म्हणून ते सेवा टाकून आपापल्या शेतात पळाले. मलाखी त्या लोकांवर ओरडतोय. ‘संदर्भ, संदर्भ’ म्हणता ना सगळे? हा संदर्भ.

विनया_कोल्हापूर:
संदर्भ पुरा घ्या. अनुवाद १४ मध्ये दशमांश काढणारा तो स्वतः देवासमोर कुटुंबासह बसून खातो. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, लेव्यासाठी आणि परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी. चौघं आहेत त्या यादीत. मलाखीतही त्याच अध्यायात, पाचव्या वचनात, मजुराची मजुरी अडवणारे आणि विधवा-अनाथांना छळणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीला उभा राहतो. पाचवं गाळून दहावं वाचायचं, हीच ती कला. माझ्या सासूबाई विधवा आहेत. त्या यादीप्रमाणे पाकीट त्यांच्याकडे यायला हवं होतं.

पाळकाचा_मुलगा:
१ करिंथ ९:१४. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं, ही प्रभूची आज्ञा आहे.

विनया_कोल्हापूर:
पुढचं वचन वाचा. पौल म्हणतो, मी यातल्या कशाचाही उपयोग करून घेतला नाही. तो तंबू शिवायचा.

पाळकाचा_मुलगा:
पौलाला बायकापोरं नव्हती! माझ्या वडिलांना आम्ही चार भावंडं होतो. तुम्ही लोक पाळकाने पौल व्हावं म्हणता, मध्यरात्री तुमच्या घरी मयत झाली की तो आलाच पाहिजे म्हणता, आणि त्याच्या घरात डाळ आहे का हे विचारायला एकजण येत नाही. माझी आई त्या मशीनवर डोळे घालवून बसली. कृपा करून तंबूची गोष्ट मला सांगू नका.

देवदार_नगर:
दोघांनी जरा थांबा. मार्क ७ मध्ये येशूने याचा निकाल लावून ठेवलाय. आईबापाला द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून अर्पणात टाकून मोकळे होणाऱ्यांना तो म्हणतो, तुम्ही देवाचं वचन रद्द करता. इन्सुलिनचे पैसे पाकिटात घालून घेणारा त्याच शब्दाखाली येतो. पाळकाच्या कुटुंबाला उपाशी ठेवणारी मंडळीही येते, असं मला वाटतं. पण धागा संदेशाबद्दल होता.

शांती_जालना:
मी इथे कधी लिहीत नाही. देवदारबाई, तुमच्या पहिल्या पोस्टमुळे लिहिते.

माझे यजमान अतिदक्षता विभागात होते. आम्ही खालच्या मजल्यावर चटईवर. एक म्हातारी बायबलबाई रोज यायची, आमच्या मंडळीची नव्हती, ओळखही नव्हती. तिने औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलने यिर्मया २९:११ लिहून दिलं. अध्याय अठ्ठावीस, इ.स.पू. अमुक, यातलं काही सांगितलं नाही. माझ्याजवळ बसली, चहा आणला आणि गेली. यजमान गेले. ती चिठ्ठी मी अजून पर्समध्ये ठेवते. आता तुम्ही सांगता की सत्तर वर्षं न सांगता हे वचन देणारा हनन्या. मग ती बाई हनन्या होती का?

देवदार_नगर:
शांतीबाई, नाही. तिने ‘तो वाचेल’ असं म्हटलं नाही. हनन्या तारीख सांगतो. त्या बाईने तारीख सांगितली नाही आणि रोज येऊन बसली. त्या पत्रातली माणसंही आपली घरं गमावून परक्या गावात बसली होती, म्हणून ते वचन चटईवर बसलेल्या माणसाचं आहेच. व्हिसाच्या रांगेतल्याचं आहे की नाही, यावर मी अजून भांडेन.

शांती_जालना:
भांडा. पण पुढच्या वेळी लिहिताना आमच्यासारख्या वाचतात हे लक्षात ठेवा. ‘फ्रेममध्ये लावता’ हे मला लागलं.

रोहन_पिंपरी:
माझ्या धाग्यावरून सुरू झालं आणि मलाच कुणी विचारत नाही. बरं. अठ्ठाविसावा अध्याय काल रात्री वाचला. चांगला आहे, मान्य. सतराच वचनं आहेत, मोठ्याने वाचायला पाच मिनिटं पुरतात. उरलेल्या दहांत ताईंनी वर लिहिलं तेवढं सगळं सांगून होतं. पंधरा मिनिटांचा माझा हट्ट कायम आहे. आणि आमच्या सेवकाने व्हिसाचं नाव घेतलं तेव्हा माझा धाकटा भाऊ बाजूला बसला होता, त्याचा अर्ज दोनदा फेटाळलेला. त्याला त्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्यांदा फेटाळला तर त्याला मी काय सांगू, हे मात्र तो संदेश सांगत नाही, हे खरं.

देवदार_नगर:
एकोणतिसाव्यातलं पाचवं ते सातवं वचन सांगा. इथेच घर बांध, इथेच मळा लाव.

रोहन_पिंपरी:
तो मला मारेल. पण सांगून बघतो.

निर्मळची_लेक:
पाळकाचा_मुलगा, तुमच्या आईचं वाचून मघापासून अस्वस्थ आहे. आमच्या फादरांना संसार नसतो, म्हणून आम्ही हा प्रश्न कधी विचारच करत नाही. पण अर्पणाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावला, तर विनयाताईंचा आणि तुमचा दोघांचाही निम्मा राग जाणार नाही का?

पाळकाचा_मुलगा:
राग जाणार नाही. हिशेब लावायला माझी हरकत नाही, पुढच्या पंचायतीत मी मांडतो. पण आधी वरच्या ओळीत पाळकाचा थकलेला पगार लिहायचा, महिन्यासकट.

विनया_कोल्हापूर:
लिहा. त्याखालच्या ओळीत त्या महिन्यात किती विधवांना काय दिलं ते लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा.