अनुभव धागा: मोठ्यांना बायबल शिकवताना (आणि शिकताना)

पाणवठा

आम्हा कॅथलिकांकडे लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था चोख असते. रविवारी मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) झाली की वर्ग, मग परीक्षा, वर्षाअखेर बक्षीस समारंभ. पहिलं कम्युनियन होतं, दृढीकरण होतं आणि तिथे दप्तर कायमचं खुंटीला लागतं. पुढची पन्नास वर्षं माणूस दर रविवारी वाचनं ऐकतो, पण हे कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. विचारलंच तर ‘श्रद्धा ठेव’ हे उत्तर तयार असतं.

मी वसईतल्या एका धर्मग्रामात दर गुरुवारी संध्याकाळी मोठ्यांचा बायबल वर्ग घेते. सिस्टर नाही, ईशज्ञानाची पदवी नाही, नोकरी सांभाळून शिकले तेवढंच. वर्गात येणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्या आईवडलांच्या पिढीने लॅटिन मिस्सा ऐकली, माळ म्हटली, नोव्हेना केले. घरात बायबल नव्हतंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ साली ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात सांगितलं की पवित्र शास्त्राचं दार सगळ्या श्रद्धावंतांना सताड उघडं हवं. त्यातच संत जेरोमचं वाक्य दिलंय: शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. दार उघडलं खरं, पण उंबरठ्यावर आमची मंडळी अजून चपला काढतायत.

माझं एक ठाम मत झालंय. ‘आम्हाला काही येत नाही हो’ म्हणणाऱ्यांना पुष्कळ येत असतं, फक्त ते कानाने आलेलं असतं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात: एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत), एक मार्कचं, एक लूकचं, आणि योहानचं मुख्यतः ईस्टरआधीच्या उपवासकाळात नि पास्काच्या (ईस्टरच्या) दिवसांत. हे चक्र पंधरावीस वेळा कानांवरून गेलेल्या बाईला उधळ्या पुत्राच्या गोष्टीतलं पहिलं वाक्य ऐकवा, उरलेली गोष्ट ती तुम्हाला ऐकवेल. तिला ठाऊक नसतो तो गोष्टीचा शेजार. ही फक्त लूकमध्ये आहे, हरवलेलं मेंढरू आणि हरवलेलं नाणं यांच्या पाठोपाठ येते, आणि येशू ती सांगतो ते कुरकुर करणाऱ्या परुश्यांसमोर (कर्मठ यहुद्यांसमोर). म्हणून मी कानापासून सुरुवात करते आणि मग पान उघडायला लावते.

एक उदाहरण देते. मग्दालिया मरिया कोण, असं विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: वेश्या, पाय अश्रूंनी धुणारी. म्हटलं, शोधा कुठे लिहिलंय. लूकचा सातवा अध्याय निघाला. पाय धुणारी सापडली, पण तिला नावच नाही. आठव्याच्या सुरुवातीला मग्दालिया आली, सात भुतं निघालेली, येशूबरोबर फिरणारी, त्याच्या कामाला पदरचे पैसे घालणाऱ्या बायांतली. योहानच्या विसाव्यात रिकाम्या कबरीपाशी तीच पहिली. वेश्या हा शब्द कुठेच नाही. या दोघी आणि बेथानीची मरिया यांची एकच बाई केली ती महान ग्रेगरी पोपांनी, ५९१च्या सुमारास, एका प्रवचनात. वर्गातल्या एक मावशी चष्मा काढून म्हणाल्या, “चौदाशे वर्षं बाईला नावं ठेवली आणि आता सांगता होय?” २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीच्या सणाचा दर्जा दिला, हे मी सांगितलं. मावशींचं तेवढ्याने समाधान झालं नाही आणि व्हावं असं मलाही वाटलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. शिकवणाऱ्यांनी लिहा, बाकावर बसणाऱ्यांनीही लिहा. फादरांना शिव्या घालायच्या असतील तर वेगळा धागा काढा.

निवृत्त_बाई

छान विषय. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता आमच्या आवाठातल्या बायकांना घेऊन बसते. कानाचं तुझं म्हणणं पटलं, पण पुरतं नाही. रूथचं पुस्तक रविवारच्या वाचनांत कधीच येत नाही, त्यामुळे आमच्या बायांनी ते ऐकलंच नव्हतं. तरी सगळ्यांत जास्त तेच रंगलं. चार अध्याय, विधवा सासू, विधवा सून आणि पोटाचा प्रश्न.

दुसऱ्या अध्यायात रूथ परक्या शेतात सरवा वेचते. आमच्यातल्या दोघीतिघींनी लहानपणी भाताच्या लोंब्या अशाच वेचल्या होत्या. बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम खाली टाका. ते वाचलं तशी एक आजी म्हणाली, असा मालक असला की कळतं, मान वर करून बघायचं नसतं, वेचत राहायचं. मग आम्ही नियमांच्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय काढला. शेताचा कोपरान्‌कोपरा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबांचं आणि परक्यांचं. म्हणजे रूथ भीक मागत नव्हती, तो तिचा हक्क होता, हे त्यांनीच काढलं. मी गप्प बसले होते, जे मास्तरणीला फार जड जातं.

आणि ओर्पावरून भांडण झालं. रूथची जाऊ, जी वाटेतून माहेरी परत फिरली ती. प्रवचनात तिला कमी लेखतात. आमच्या बायका म्हणाल्या, सासूनेच जा म्हटलं, ती रडत गेली, तिचं काय चुकलं? पुस्तक तिला एका शब्दानेही बोल लावत नाही, हे पुन्हा वाचल्यावर दिसलं.

मस्कतकर

इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून सगळी गर्दी शुक्रवारच्या मिस्सेला. वर्ग इंग्रजीत. मल्याळी, फिलिपिनो, गोंयकार, मंगळुरी आणि कोपऱ्यात आम्ही वसईवाले. बोलायची वेळ आली की आमची माणसं गप्प. घरी येऊन मराठी बायबल उघडल्यावर तोंड उघडतं. आता आम्ही चार कुटुंबं आळीपाळीने एकमेकांकडे बसतो. सोबत जेवणही असतं, त्यामुळे हजेरी उत्तम.

सूनबाई_पुणे

मी बाकावर बसणाऱ्यांपैकी आणि बाकावरही थोडी कडेला. लग्न होऊन कॅथलिक घरात आले, बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईन की नाही माहीत नाही. माहेरी श्रावणात पोथी लागायची, त्यामुळे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं हीच सवय. उत्पत्ती झालं, निर्गम झालं, निवासमंडपाच्या फळ्या आणि कड्या मोजताना दम लागला आणि लेवीयमध्ये यज्ञांच्या चरबीपाशी अडकले. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आम्ही तिथवर गेलोच नाही गं कधी.”

वर्गातल्या सरांनी मार्क हातात दिलं. सोळा अध्याय, एका बैठकीत मोठ्याने वाचायचं. दीड तास लागतो. माणूस सारखा धावतोय असं वाटतं आणि कुणालाच, अगदी शिष्यांनाही, तो नीट कळत नाही. ही गोष्ट मला जवळची वाटली.

पण मी वर्गात जरा भाव खाल्ला तो मत्तयच्या पहिल्या पानावर. सगळे म्हणाले, ही नावांची यादी सोडा, पुढे चला. आमच्याकडे लग्न ठरवताना घराणं खणून काढतात, त्यामुळे मी यादी नीट वाचली. बाप, बाप, बाप आणि मध्येच चार बायका: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. म्हटलं, या कोण? जन्मापासून कॅथलिक असलेल्यांना फक्त रूथ थोडीशी माहीत. सरांनी चौघींना चार गट लावून दिले. पुढच्या वेळी सगळे येऊन बसले तेव्हा एक काका म्हणाले, अशी घराणी तर कुणी लग्नाच्या बैठकीत सांगणारच नाही. आणि मत्तय त्यांनीच सुरुवात करतो.

प्रवरेकाठी

आमचा भाग वेगळा. हरेगावच्या मतमाऊलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला सप्टेंबरात आमचं सगळं गणगोत जमतं आणि त्यात निम्मे प्रोटेस्टंट. वस्तीवर वर्ग घ्यायचा तर अंधार पडल्यावर, पाण्याची पाळी नसेल तेव्हा. पेटी, ढोलकी आणि दोन भजनं झाल्याशिवाय कुणी बायबल उघडू देत नाही. आता मीही भजन त्या दिवसाच्या उताऱ्यावरचंच निवडतो, म्हणजे अर्धं काम तिथेच होतं.

आमच्याकडचा कायमचा प्रश्न: तुमच्या बायबलात सात पुस्तकं जास्त का? आमची त्र्याहत्तर, त्यांची सहासष्ट. तोबीत, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबीची दोन. पाव्हणा जेवताना हा प्रश्न टाकतो आणि आमची माणसं ताटात बघतात. म्हणून मी एक अख्खी बैठक यावरच घेतली. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातात जुना करार बहुतेक ग्रीक भाषांतरातला होता आणि त्यात ही पुस्तकं होती. यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात ती राहिली नाहीत. धर्मसुधारणेच्या काळात प्रोटेस्टंटांनी हिब्रू यादी धरली आणि कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या परिषदेने १५४६ साली मोठी यादी कायम केली. यात कुणी चोरून पुस्तकं घुसडली नाहीत आणि कुणी फाडलीही नाहीत, एवढं सांगितलं तरी जेवण सुखाचं होतं.

पण खरा उपयोग झाला तो नोव्हेंबरात. मृतांसाठी मिस्सा का सांगायची, हे विचारत होते. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचला. लढाईत पडलेल्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा मक्काबी त्यांना दोष देत बसत नाही, वर्गणी काढतो, दोन हजार द्राख्मा चांदी यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापांसाठी अर्पण करायला. ज्याचा भाऊ त्याच वर्षी गेला होता आणि नीट गेला नव्हता, असा एक जण वर्ग संपल्यावर बराच वेळ तिथेच बसला होता. तो उतारा मी त्याला लिहून दिला.

कातावलेला_वाचक

सगळे गोड लिहितायत म्हणून जरा मीठ टाकतो. आमच्या लहान ख्रिस्ती समूहात ‘सात पायऱ्या’ चालतात. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली पद्धत, बऱ्याच जणांना माहीत असेल. प्रभूला बोलवा, उतारा वाचा, आवडलेला शब्द पुन्हा म्हणा, शांत राहा, मनातलं सांगा, काय करायचं ते ठरवा, प्रार्थना करा. कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीला प्रत्येक जण ‘प्रीती’ किंवा ‘शांती’ म्हणतो, उतारा कुठलाही असो. चौथ्या पायरीला स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येतो. सहाव्या पायरीला कायम एकच ठराव, आजाऱ्यांना भेटायचं, आणि ते आजारी कोण हे मी आजवर पाहिलेलं नाही.

माझी तक्रार अशी की या पद्धतीत प्रश्नाला पायरीच नाही. ‘देवाने फारोचं (मिसरच्या राजाचं) मन कठीण केलं, मग फारोचा दोष काय?’ असं मी विचारलं तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच फारो.

झगेवाला

फादर आहे, त्यामुळे नाव झाकून लिहितो. कातावलेल्या भावाशी बराचसा सहमत. सात पायऱ्या प्रार्थनेसाठी आहेत, अभ्यासासाठी नाहीत. एकाच संध्याकाळी दोन्ही उरकायला गेलं की दोन्ही बुडतात. प्रश्नांची बैठक वेगळी ठेवा. फारोचा प्रश्न पौलालाही सुटला नव्हता, रोमकरांस पत्र अध्याय नऊ पाहा.

आमच्या बाजूचंही सांगतो. सेमिनरीत आम्ही शिकतो की उत्पत्तीत निर्मितीच्या दोन कथा आहेत. पहिल्या अध्यायात पशू आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात माणूस आधी आणि मग झाडं, पशू, स्त्री. शिकतो की शुभवर्तमानं तीन टप्प्यांत घडली: येशूने केलं-सांगितलं, प्रेषितांनी गाजवलं, मग लेखकांनी आपापल्या मंडळीसाठी लिहिलं. हे चर्चचं अधिकृत शिक्षण आहे, ‘देई वेर्बुम’च्या एकोणिसाव्या परिच्छेदात आहे. पण वेदीवर उभे राहिलो की दहा मिनिटांच्या प्रवचनात हे सांगायला आम्ही कचरतो. लोकांची श्रद्धा डळमळेल म्हणतो. माझ्या मते डळमळते ती पंचविशीतल्या मुलाची, जो हे मोबाइलवर पहिल्यांदा वाचतो आणि विचारतो, फादरांनी लपवलं का?

मी तीन टप्पे शिकवले तेव्हा एक आजोबा चिडले. “मग खरं काय? मागी आले की मेंढपाळ?” मी दोन्ही अध्याय शेजारी ठेवायला सांगितले. मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, फक्त मत्तयात, तेही किती हे लिहिलेलं नाही. मेंढपाळ फक्त लूकात. बैल आणि गाढव दोघांतही नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आमच्या गोठ्यात शिरले. आजोबांनी सगळं तपासलं. त्या नाताळात त्यांनी गोठा नेहमीसारखाच मांडला, बैल-गाढवासकट, पण मागींना दाराबाहेर लांब ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगत राहिले.

निवृत्त_बाई

फादर, वेदीवरूनही सांगाच की. आम्ही काही काचेच्या नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मोठ्या माणसांना अध्याय-ओळ शोधता येत नाही याची लाज वाटते. ‘हबक्कूक काढा’ म्हटलं की पंधरा मिनिटं पानं फडफडतात आणि पुढच्या वेळी दोघी येत नाहीत. सगळ्यांकडे एकच आवृत्ती ठेवा आणि सरळ पान क्रमांक सांगा. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी उताऱ्याची मोठ्या टायपात झेरॉक्स काढा. आमच्याकडे फादर दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ चालतं, त्याची मराठी वाचताना जीभ अडत नाही.

पाणवठा

सगळ्यांचे आभार, पान क्रमांकाची युक्ती लगेच उचलते. आता मदत हवीय. उपवासकाळात वर्गाला नेहमीपेक्षा जास्त माणसं येतात आणि ईस्टर झालं की पांगतात. तेवढ्या आठवड्यांत पुरं होईल असं एखादं पुस्तक सुचवा. येशूच्या दुःखसहनाच्या कथा सोडून, त्या देवळात ऐकायला मिळतातच.

झगेवाला

योना, माशाने गिळलेल्या संदेष्ट्याचं पुस्तक. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्याच्या बुधवारी त्याचा तिसरा अध्याय मिस्सेत वाचतातच, तिथून धागा मिळेल. आणि मासा किती मोठा होता यावर पहिली बैठक घालवू नका.

सूनबाई_पुणे

योनाला +१. देवावर रुसून बसणारा संदेष्टा. आमच्या वर्गात सगळ्या जावयांना तो एकदम ओळखीचा वाटला.

निवृत्त_बाई

घे योनाच. चार अध्याय, चार बैठका. शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) असते म्हणून गुरुवार बदलू नकोस. शेवटच्या बैठकीला वेळ जास्त ठेव, कारण पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: एवढी माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या नीनवे शहराची मी कीव करू नये का? आमच्याकडे अर्धा तास नुसता गुरांवर गेला.

मस्कतकर

तिसऱ्या अध्यायात गुरांनाही उपास घडवलाय आणि तरट नेसवलंय. तोही प्रश्न येणार, तयारीत जा.