मदत हवी आहे: गेम स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) टाकू का मोबाईलवर?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं राहतो. चादरीच्या नक्षीवर पझल गेम बनवतोय, मागावरचा धोटा (आडवा धागा नेणारा) इकडून तिकडं सरकवायचा, रंगीत धागे बरोबर ओळीत बसले की हळूहळू मोर उमटतो. आता अडलंय ते इथं की स्टीमवर 2024 मध्ये 18 हजारांच्या वर गेम आले, त्या गर्दीत आपला कोण बघणार, शिवाय दर गेमला 100 डॉलर भरायचे आणि ते परत मिळणार 1000 डॉलरची कमाई झाल्यावरच. प्ले स्टोअरला 25 डॉलर, एकदाच. आणि खरं सांगू का, आमच्या वहिनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी धरून दुसऱ्या अंगठ्यानं कँडी क्रश खेळतात, दोन मिनिटं मिळाली की एक लेव्हल, शिकवावं काहीच लागत नाही. मला तसलाच हलका पण जीव ओतून केलेला गेम करायचाय. पण दर लेव्हलला जाहिरात टाकली तर लोक वैतागून उडवतात, मग नुसत्या रिवॉर्ड ॲडवर (खेळणाऱ्यानं आपणहून बघितली की गेममध्ये बक्षीस देणारी जाहिरात) भागतं का? ज्यांनी गेम काढलाय त्यांनी प्लीज सांगा. अजून एक, प्ले स्टोअरवर गेम काढायच्या आधी नवीन पर्सनल अकाउंटला गुगल 12 टेस्टर (गेम वापरून बघणारे) सलग 14 दिवस मागतं, अँड्रॉइडवाले कुणी येता का?